ऋणनिर्देशातली गावं

एम.एस्सी.च्या प्रकल्प अहवालाला पानांची मर्यादा असते. ती ओलांडली की मुलं पहिली कात्री ऋणनिर्देशावर चालवतात. यंदा माझ्या एका विद्यार्थिनीनं तेच केलं. आई-वडील, मी, प्रयोगशाळेतले मामा असे सगळे राहिले आणि शेवटचा परिच्छेद तेवढा गेला. मी बोलावून विचारलं तर म्हणाली, "मॅडम, त्यात नुसती कोडनावं आहेत. पोर्टलवर 'हे लिहा' असं होतं म्हणून चिकटवलं होतं. त्या संस्था कोणत्या हे मलाच माहीत नाही."

पोर्टल म्हणजे ज्या वेबसाइटवरून तिनं आपलं गणित करून घेतलं ती. तो परिच्छेद दिसतो तसाच. सेस्नेट-एमसीसी, आयएनएफएन-एलएनएल-२, एनसीजी-इनग्रिड-पीटी, टीडब्ल्यू-एनसीएचसी, आयएफसीए-एलसीजी२, यूए-बीआयटीपी, टीआर-एफसी१-उलाकबिम. त्यापुढे बेल्जियम, फ्रान्स, इटली, जर्मनी, नेदरलँड्स, पोलंड, पोर्तुगाल, स्पेन, ब्रिटन आणि तैवान इथल्या राष्ट्रीय ग्रिड यंत्रणा (ग्रिड म्हणजे ठिकठिकाणची संगणक केंद्रं जोडून केलेलं जाळं), आणि सगळ्यात शेवटी अमेरिकेतलं ओपन सायन्स ग्रिड. वाचणारा इथे डोळे फिरवून पुढे जाणारच. पण तिच्या अहवालातल्या निम्म्या आकृत्या ज्या गणितातून आल्या, ते गणित ह्या ओळीतल्या गावांनी केलंय. त्यामुळे परिच्छेद परत घालायला लावला आणि त्या आठवड्याचा प्रात्यक्षिकाचा तास ह्या गावांवरच घेतला. मुलांनी विचारलेले प्रश्न चांगले होते. तो तास जरा सविस्तर इथे लिहिते आहे.

आधी आमचा मामला सांगते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. पीएच.डी. प्रथिनांच्या स्फटिकांवर केली, पण आमच्याकडे स्फटिक वाढवायची खोली नाही, एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना तपासणारं यंत्र) नाही आणि मोठा संगणक तर नाहीच. आहेत ते विभागातले डेस्कटॉप आणि बरं चालणारं वाय-फाय. एवढ्या सामानावर मुलांना दोन प्रथिनं एकमेकांना कशी धरतात ह्याचा खराखुरा अभ्यास करता येतो. तो कसा करता येतो, तेच सांगायचं आहे.

आम्ही सुरुवात नेहमी एकाच जोडीपासून करतो: ई. कोलाय जिवाणूतलं ई-टू-ए आणि एचपीआर. जिवाणू ग्लुकोज आत घेताना एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे फॉस्फेट सरकवत नेतो, त्या साखळीतले हे दोन शेजारी. एचपीआरच्या साखळीत पंधराव्या जागेवर असलेल्या हिस्टिडिन ह्या अमिनो आम्लावरून फॉस्फेट निघतं आणि ई-टू-एच्या नव्वदाव्या हिस्टिडिनवर जातं. दोघांच्या रचना स्वतंत्रपणे माहीत होत्या. प्रश्न होता तो दोघं एकत्र आल्यावर कसे बसतात हा.

एनएमआरमध्ये ह्याचा अर्धा माग लागतो. नायट्रोजन-१५ घातलेल्या प्रथिनाचा एचएसक्यूसी आलेख काढला की जवळपास प्रत्येक अमिनो आम्लाचा एकेक ठिपका दिसतो. त्यात दुसरं प्रथिन थोडं थोडं मिसळत गेलं की काही ठिपके जागेवरून हलतात. जे हलले ते बहुधा जोडाच्या जागेवरचे. एचपीआरवर १५, १६, १७, २० आणि पुढे ४८ पासून ५६ पर्यंतचे काही. ई-टू-एवर ३८, ४०, ४५, ४६, ६९, ७१ वगैरे. इतकं कळतं. पण इकडचा सतरावा तिकडच्या कोणाला चिकटलाय, हे त्या आलेखातून अजिबात कळत नाही. दोन्ही बाजूंची यादी मिळते, जोड्या मिळत नाहीत.

ही संदिग्धता तशीच्या तशी गणितात घालायची, ही हॅडॉक नावाच्या प्रोग्रॅमची मूळ कल्पना. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात अलेक्झांद्र बॉनविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ती मांडली. प्रोग्रॅमला आपण एवढंच सांगतो, की ह्या यादीतला प्रत्येक जण त्या यादीतल्या कोणाच्या तरी जवळ असला पाहिजे. कोणाच्या, ते तू शोध. मग प्रोग्रॅम दोन्ही प्रथिनं लांब ठेवतो, वेडीवाकडी फिरवतो आणि जवळ आणतो. असं हजार वेळा. त्यातली चांगली दोनशे निवडून त्यांच्या बाजूच्या साखळ्यांना आणि कण्याला थोडं हलू देतो, आणि शेवटी ती दोनशे पाण्यात ठेवून निवांत करतो. एका डॉकिंगमागे, म्हणजे दोन प्रथिनं अशी जुळवून बघण्यामागे, चौदाशे वेळा गणित होतं. एका साध्या डेस्कटॉपवर करायचं म्हटलं तर तो सतत चालू ठेवावा लागेल, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल ह्याचा नेम नसतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाची वेगळी जोडी असेल तर विषयच संपला.

आता ह्या चौदाशेंमधली एक गोष्ट नीट बघा. पहिल्या टप्प्यातल्या हजार मॉडेलांपैकी सहाशे सदतिसाव्याला पहिल्याची काहीच खबर नसते आणि गरजही नसते. प्रत्येक जण आपल्या वाटेनं जातो आणि शेवटी गुण घेऊन येतो. म्हणजे हजार मॉडेलं एका यंत्रावर एकामागून एक करा किंवा हजार यंत्रांवर एकेक करा, उत्तर तेच. ती यंत्रं एका खोलीत असायची गरज नाही, एका देशात असायचीही नाही. आमच्या आजोळी इर्जिक असायची. पेरणी मागे पडलेल्या एखाद्याच्या रानात गावातल्या बैलजोड्या एका दिवशी उतरायच्या, संध्याकाळपर्यंत रान नांगरून व्हायचं आणि जोडीवाला आपापल्या घरी जायचा. ग्रिड संगणन मुलांना समजावताना मी ह्यापलीकडे दुसरं उदाहरण देत नाही, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट जुळते: जोड्या दुसऱ्यांच्या, रान एकाचं, वाटे सुटे सुटे, आणि उद्या कोणाचं रान असेल ते ठरलेलं नाही.

सगळी कामं अशी वाटता येत नाहीत, हेही मुलांना सांगावं लागतं. एखाद्या प्रथिनाची हालचाल क्षणाक्षणाला मोजायची असेल, म्हणजे मॉलेक्युलर डायनॅमिक्स करायचं असेल, तर पुढचं पाऊल आधीच्या पावलावर अवलंबून असतं. तिथे वेगवान तारांनी एकमेकांना जोडलेली यंत्रं लागतात, म्हणजे सुपरकॉम्प्युटर. पण इथेही लोकांनी वाट काढली. स्टॅनफर्डमध्ये विजय पांडे ह्यांनी २००० साली फोल्डिंग अॅट होम सुरू केलं, ते ह्याच हट्टापायी. एक लांबलचक प्रवास मोजण्याऐवजी हजारो छोटे प्रवास लोकांच्या घरच्या संगणकांवर मोजायचे, आणि मग कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जायची शक्यता किती, हे संख्याशास्त्रानं जोडून घ्यायचं. मार्च २०२० मध्ये करोनाच्या प्रथिनांसाठी जगभरातून इतक्या लोकांनी आपले संगणक दिले, की त्या प्रकल्पानं सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडीचा टप्पा पार केला. तेव्हाचा जगातला सर्वांत वेगवान सुपरकॉम्प्युटर त्याच्या जवळपासही नव्हता.

ऋणनिर्देशातल्या यंत्रांची गोष्ट मात्र घरच्या संगणकांची नाही. ती बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांची आहेत, आणि ह्याचं मुलांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. त्यातली प्रत्येक टक्कर स्वतंत्रपणे तपासता येते, म्हणजे तिथेही वाटे सुटे सुटे. सगळी माहिती एका ठिकाणी ठेवणं आणि तपासणं शक्य नव्हतं म्हणून चाळीसेक देशांतली दीडशेहून जास्त संगणक केंद्रं जोडून एक ग्रिड उभं राहिलं. आपल्याकडे मुंबईची टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी ही त्यातलीच केंद्रं. तर ही यंत्रं भौतिकशास्त्राच्या कामासाठी लावली गेली, पण त्यांच्यावर दुसऱ्याही विज्ञानाला जागा द्यायची असं युरोपातल्या ग्रिडचं पहिल्यापासून धोरण राहिलं. २००७ मध्ये ई-एनएमआर नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१० मध्ये त्यातून वीएनएमआर झाला. उत्रेख्त, इटलीतल्या फ्लॉरेन्सचं एनएमआर केंद्र, पादोव्हाची अणुभौतिकी मंडळी असे लोक एकत्र आले आणि हॅडॉकसारखे प्रोग्रॅम ह्या ग्रिडवर चढवले.

आता त्या कोडनावांकडे या. आयएनएफएन-एलएनएल म्हणजे पादोव्हाजवळच्या लेन्यारो गावातली अणुभौतिकीची राष्ट्रीय प्रयोगशाळा. सेस्नेट चेक प्रजासत्ताकातली. इनग्रिड-पीटी लिस्बनचं. आयएफसीए स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सांतांदेरची भौतिकशास्त्र संस्था. एनसीएचसी तैवानचं राष्ट्रीय संगणन केंद्र. उलाकबिम तुर्कस्तानातलं, अंकाराचं. आणि यूए-बीआयटीपी म्हणजे युक्रेनच्या कीव्हमधली बोगोल्युबोव्ह सैद्धांतिक भौतिकी संस्था. हे शेवटचं नाव मी फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. ज्या शहराचं नाव मुलं बातम्यांमध्ये क्षेपणास्त्रांच्या संदर्भात ऐकतात, तिथल्या एका संस्थेचं नाव आपल्या अहवालात मदत करणाऱ्यांमध्ये आहे. "मॅडम, पण ते आपल्याला ओळखत नाहीत ना?" असं एकानं विचारलं.

हा प्रश्न ग्रिडचा गाभा आहे. तारा, यंत्रं आणि प्रोग्रॅम हा भाग अवघड असला तरी पैसे आणि हुशारीनं सुटतो. खरी अडचण अशी, की लेन्यारोतल्या यंत्रणाचालकानं सांगली जिल्ह्यातून आलेला अनोळखी प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर का चालू द्यायचा? त्यात काय आहे हे त्याला माहीत नाही. यंत्राला काही झालं तर जबाबदार कोण?

त्यासाठी ग्रिडवाल्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, ओळखपत्र. प्रत्येक देशात एक प्रमाणपत्र देणारी संस्था. आपल्याकडे हे काम बंगळुरूच्या सी-डॅककडे आलं. त्या काळात ग्रिड वापरायचं असेल तर संस्थेच्या पत्रासह आणि फोटोच्या ओळखपत्रासह स्वतःची ओळख पटवून द्यावी लागायची. मग एक डिजिटल प्रमाणपत्र मिळायचं, ते ब्राउझरमध्ये बसवायचं आणि दर वर्षी नवं करायचं. माझ्या ओळखीचे कित्येक चांगले जीवशास्त्रज्ञ ह्याच पायरीवरून परत फिरले, आणि मी त्यांना बोल लावणार नाही. दुसरी गोष्ट, आभासी संघटना. प्रत्येक माणसाशी वेगळा करार करण्याऐवजी केंद्रं एका गटाशी करार करतात. रचनात्मक जीवशास्त्राच्या गटाचं नाव ग्रिडवर ईएनएमआर.ईयू असं नोंदलेलं आहे. केंद्र म्हणतं, ह्या गटाकडून आलेलं काम मी चालवीन. त्या गटात कोण आहे ते गटानं बघावं.

वीएनएमआरनं ह्यावर तिसरी गोष्ट केली, आणि आमच्यासारख्यांसाठी दार उघडलं ते तिथे. त्यांनी पोर्टलच्या नावानं एक यांत्रिक प्रमाणपत्र घेतलं. म्हणजे वापरणाऱ्यानं फक्त पोर्टलवर नाव, संस्था आणि ईमेल देऊन नोंदणी करायची. ग्रिडला काम पाठवताना प्रमाणपत्र पोर्टल दाखवणार. कोण काय पाठवतंय ह्याची नोंद पोर्टल ठेवतं, आणि पाठवता येतं ते फक्त ठरलेल्या प्रोग्रॅमचं काम. माझी विद्यार्थिनी काहीही अनोळखी चालवत नाही. ती दोन रचना आणि दोन याद्या देते, आणि बाकीची हमी उत्रेख्तची माणसं घेतात. म्हणून मी त्या मुलाला सांगितलं की ते आपल्याला ओळखत नाहीत हे खरं, पण ते उत्रेख्तला ओळखतात आणि उत्रेख्तनं आपल्यासाठी शब्द टाकलाय.

काम पाठवल्यावर पुढे काय होतं हे मला स्वतःला फार आवडतं. फॉर्म भरला की पोर्टल आधी रचनांच्या फाइली तपासतं. अमिनो आम्लांचे क्रमांक एकमेकांवर चढले आहेत का, मधला तुकडा गायब आहे का, यादीतलं अमिनो आम्ल त्या रचनेत आहे का. मुलांचे निम्मे अर्ज इथेच परत येतात आणि ते चांगलंच आहे, पीडीबी फाइल, म्हणजे प्रत्येक अणूची जागा लिहिलेली रचनेची फाइल, उघडून ओळ न् ओळ वाचायची सवय त्यातूनच लागते. फाइली पास झाल्या की चौदाशे मॉडेलांचे छोटे छोटे वाटे होतात. ते वाटप डिरॅक नावाच्या यंत्रणेकडे जातं, जी सर्नच्या एलएचसीबी प्रयोगासाठी बनली होती. डिरॅक लगेच काम पाठवत नाही. आधी एक टेहळणी प्रोग्रॅम जातो, त्याला पायलट म्हणतात. तो लिस्बनच्या किंवा तैवानच्या एखाद्या यंत्रावर पोचतो, रांगेत थांबतो, जागा मिळाली की आजूबाजूला बघतो: जागा पुरेशी आहे का, लागणारा प्रोग्रॅम इथे दिसतो का. सगळं ठीक असेल तरच तो मागे निरोप देतो, की आता काम द्या. बिघडलेल्या यंत्रावर पायलट मरतो, आपलं काम मरत नाही. आणि मधूनच एखादा वाटा हरवला, तर तो दुसरीकडे पुन्हा पाठवला जातो.

निकालाच्या पानावर मॉडेलं गटागटानं येतात. एकमेकांसारखी दिसणारी एका गटात, आणि गटाचे गुण त्यातल्या उत्तम चारांच्या सरासरीवर. गुण जितके उणे तितके चांगले. मुलं पहिल्यांदा उणे आकडा बघून घाबरतात, मग भांडतात, कोणाचा जास्त उणे. पण मी त्यांना आकड्यावर थांबू देत नाही. पहिल्या गटातलं पहिलं मॉडेल पायमॉल ह्या रचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायचं, ई-टू-ए एका रंगात आणि एचपीआर दुसऱ्या, आणि ९० आणि १५ क्रमांकाचे हिस्टिडिन काड्यांच्या रूपात दाखवायचे. दोन्ही हिस्टिडिनची वलयं समोरासमोर येऊन उभी असतात, मध्ये फॉस्फेट सरकेल एवढीच जागा ठेवून. यादीत नव्वदावा हिस्टिडिन घातलेला नसतो, तरीही तो बरोबर जागी येऊन बसतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या गटातलं मॉडेल उघडायला सांगते. तिथे एक प्रथिन उलटं फिरलेलं असू शकतं आणि गुण फार वाईट नसतात. जीवशास्त्र माहीत नसेल तर कोणतं बरोबर हे निव्वळ आकड्यावरून ठरवणं धोक्याचं, हे त्या एका तुलनेतून जितकं पटतं तितकं माझ्या व्याख्यानातून पटत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हेच सगळं मुलं घरून करत होती. एक जण कवठेमहांकाळकडच्या वस्तीवरून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून. फाइली काही केबींच्या असतात, पाठवायला काहीच लागत नाही. जड काम सगळं तिकडे. पोर्टलवर त्या काळात करोनाशी संबंधित कामासाठी वेगळी खूण करायची सोय केली होती, आणि त्या कामांसाठी युरोपातल्या केंद्रांबरोबर अमेरिकेचं ओपन सायन्स ग्रिडही उतरलं. तेव्हा विभाग बंद होता, रसायनं कपाटात होती, आणि तरी एका वर्गाचे प्रकल्प पूर्ण झाले. तेव्हापासून मी ह्या विषयावर कुठेही बोलायची संधी सोडत नाही.

ओपन सायन्स ग्रिडचं नाव निघालं म्हणून माझ्या स्वतःच्या विषयातली एक गोष्ट सांगते, कारण ग्रिडमुळे विज्ञानात काय बदलतं हे मला तिच्यातून कळलं. स्फटिकावर क्ष-किरण टाकले की विवर्तनाचे ठिपके मिळतात. ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, पण प्रत्येक लहर कोणत्या फेजमध्ये, म्हणजे चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर, आली ते मोजता येत नाही, आणि फेजशिवाय रचना उभी राहत नाही. १९६२ मध्ये मायकेल रॉसमन आणि डेव्हिड ब्लो ह्यांनी एक मार्ग दाखवला: आपल्या प्रथिनासारखी एखादी रचना आधीच माहीत असेल, तर ती आपल्या स्फटिकात योग्य जागी ठेवून फेज उसन्या घ्यायच्या. ह्याला मॉलेक्युलर रिप्लेसमेंट म्हणतात. मग 'आपल्या प्रथिनासारखी' रचना निवडायची कशी? अमिनो आम्लांचा क्रम जुळवून. क्रम जुळणारं काहीच नसेल तर तुम्ही अडकलात. मग जड धातूंच्या द्रावणात स्फटिक बुडवा, सेलेनियम घालून प्रथिन पुन्हा बनवा, आणि महिने मोजत बसा. माझ्या पिढीतल्या प्रत्येक क्रिस्टलोग्राफरला हा काळ आठवतो.

हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या इयान स्टोक्स-रीस आणि पिओत्र स्लिझ ह्यांनी २०१० मध्ये काय केलं? त्यांनी निवड करायचंच सोडून दिलं. ज्ञात प्रथिनांच्या रचनांचे सुटे भाग स्कोप नावाच्या संग्रहात वर्गवार लावलेले आहेत. त्यांनी तो संग्रहच्या संग्रह घेतला आणि त्यातला एकेक भाग आपल्या स्फटिकाच्या माहितीवर लावून बघितला. क्रम जुळतो की नाही हे विचारायचंच नाही. एका यंत्रावर हे करायला वर्षं लागली असती, म्हणून कोणी तसं करायचा विचारही करत नव्हतं. ओपन सायन्स ग्रिडवर ते काही तासांत झालं. बहुतेक भागांचे गुण एका ढिगात पडतात. बरोबर असेल तो त्या ढिगातून बाजूला निघून दिसतो. क्रम २० टक्क्यांहूनही कमी जुळतो आणि एकूण रचनेचा १२ टक्क्यांहूनही लहान भाग व्यापतो, असे तुकडेसुद्धा ह्या पद्धतीनं सापडले. ट्रायकोप्लुझिया नाय नावाच्या पतंगाच्या पी९७ जातीच्या प्रथिनाची पूर्ण रचना त्यांनी अशी सोडवली. साधारण त्याच सुमारास बार्सिलोनात इसाबेल उसोन ह्यांच्या गटानं आर्चिंबोल्डो हा प्रोग्रॅम काढला. त्यात तर माहीत असलेली रचनाही लागत नाही. एक नुसता छोटा सर्पिल तुकडा, जो जवळपास कुठल्याही प्रथिनात असतोच, तो हजारो प्रकारे ठेवून बघायचा आणि त्यातला एखादा बरोबर बसला की त्याच्याभोवती बाकीचं वाढवायचं. तेही असंच अनेक यंत्रांत वाटून.

मला ह्यात वेगापेक्षा धाडस जास्त दिसतं. 'सगळंच करून बघू' हा प्रश्न एरवी प्रयोगशाळेत कोणी विचारला तर गाईड त्याला गप्प बसवतो. मी पीएच.डी. करत असताना असा प्रश्न विचारायची सोयच नव्हती, कारण उत्तर मिळायला लागणारा वेळ कोणाकडे नव्हता. परक्या यंत्रांवरच्या रिकाम्या रात्री मिळाल्या आणि तो प्रश्न विचारण्याजोगा झाला.

अल्फाफोल्ड, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचं भाकीत करणारा एआय प्रोग्रॅम, आल्यानंतर ह्याची गरज किती उरली, असं कोणीही विचारेल, आणि विचारावं. २०२१ पासून क्रमावरून भाकीत केलेल्या रचना इतक्या चांगल्या मिळू लागल्या, की मॉलेक्युलर रिप्लेसमेंटसाठी नमुना शोधायची पायपीट पुष्कळ संपली. स्टोक्स-रीस आणि स्लिझ ह्यांच्यासारखा शोध आज कोणी घेतला तर तो अगदी अडलेल्या स्फटिकासाठी. हा बदल आनंदाचाच आहे. पण दोन प्रथिनं एकत्र कशी बसतात, त्यातही प्रतिपिंड आणि त्याचं लक्ष्य असेल, तर भाकीत अजून पुष्कळदा फसतं, आणि प्रयोगातून आलेली यादी घालून डॉकिंग करण्याला पर्याय नसतो. आमची मुलं हल्ली एकेकट्या रचना अल्फाफोल्डच्या संग्रहातून घेतात आणि जोडणी हॅडॉकमध्ये करतात. दोन्ही मिळून काम जितकं पुढे जातं तितकं एकट्यानं जात नाही. शिवाय अल्फाफोल्ड ज्यावर शिकलं ती पीडीबी, म्हणजे प्रथिनांच्या रचनांची जागतिक पेढी, तीही अशीच, १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनी सुरू झालेली आणि आता दोन लाखांच्या वर गेलेली, सगळ्यांनी आपापलं आणून ठेवलेली.

आपल्या देशात ग्रिडचा प्रयत्न झाला नाही असं नाही. सी-डॅकनं गरुड ग्रिड उभं केलं, १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या. नंतर राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन आलं, पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म बसला. मोठ्या संस्थांतल्या संशोधकांना त्याचा फायदा होतो आणि तो मोलाचा आहे. माझं म्हणणं फक्त तालुक्याच्या कॉलेजाच्या बाजूचं आहे. आमच्या मुलांना लिनक्सची खिडकी, रांगेत काम लावायची भाषा, खातं मिळवायचे अर्ज ह्यांतून सुपरकॉम्प्युटरपर्यंत पोचायला अभ्यासक्रमात वेळच नाही. त्यांना लागतो तो एक नीट फॉर्म, ज्याच्या मागे कोणीतरी रात्रंदिवस काळजी घेतंय. उत्रेख्तनं जे युरोपसाठी केलं आणि जगाला मोकळं ठेवलं, ते आपल्या यंत्रांवर आपल्या मुलांसाठी करणं अशक्य मुळीच नाही. यंत्रं आहेत, जाळं आहे, प्रमाणपत्र देणारी संस्थासुद्धा आहे. हॅडॉकची तिसरी आवृत्ती आता खुल्या परवान्यावर मिळते. एखाद्या विद्यापीठानं दोन माणसं ह्या कामाला कायमची दिली तरी सुरुवात होईल. ह्यावर कोणी काम करत असेल तर मला जरूर कळवा, मी माझ्या परीनं लागेल ती मदत करीन. चाचणीला मुलं तर आहेतच.

तोवर, ज्या प्राध्यापकांना हे आपल्या वर्गात करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. पोर्टल ना-नफा संस्थांना मोफत आहे, पण नोंदणी संस्थेच्या ईमेलवरून करा, जीमेलवरून केलेली अडते. मुलांची नोंदणी प्रात्यक्षिकाच्या निदान आठवडाभर आधी करून घ्या, त्याच दिवशी मंजुरीची वाट बघत बसू नका. पहिलं काम ई-टू-ए आणि एचपीआरचंच द्या, कारण एनएमआरनं सोडवलेली त्यांची एकत्र रचना पीडीबीत १जीजीआर ह्या नावानं आहे आणि मुलांना आपलं उत्तर त्यावर ठेवून तपासता येतं. सगळ्या वर्गानं एकाच वेळी तीस कामं सोडू नयेत. रांग सगळ्या जगाची आहे, चार-पाच जणांचा गट करून एकेक काम पाठवलं तरी शिकणं तेवढंच होतं. रात्री पाठवून सकाळी बघायची सवय लावा. आणि निकालाची फाइल आली की त्याच दिवशी विभागाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, पोर्टल ती मर्यादित काळच ठेवतं.